गेणू केदारींचे ‘व्हय’

मु. औंढे, ता. मावळ, जि. पुणे
दि. २३ जून २०२५

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
कार्ड तक्रार निवारण कक्ष,
तेजोनिधी बँक लि.,
विभागीय कार्यालय, पुणे.

विषय : कै. गेणू श्रीपती केदारी यांच्या क्रेडिट कार्डावर लावलेले गोल्फ योजनेचे आकार रद्द करणेबाबत. तसेच तक्रार बंद करण्यापूर्वी संबंधित ध्वनिमुद्रणाची प्रत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ७ एप्रिल २०२५.
२) आपले पत्र, दि. २९ मे २०२५ (‘कार्डधारकाने सात वेळा स्पष्ट होकार दिलेला आहे’).

महोदय / महोदया,

१. मी खाली सही करणारी सारिका गेणू केदारी, कै. गेणू केदारी यांची मुलगी. माझे वडील औंढ्यात भातशेती करीत आणि मळवलीला एका बंगल्याची देखरेख पाहत. गेल्या नोव्हेंबरात, भात कापून खळ्यावर आलेले असताना, ते वारले. विषयात माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्यांतली दुसरी अधिक तातडीची आहे. लोणावळा शाखेत मला असे सांगण्यात आले की, तक्रार निकाली निघाली की तिच्याशी संबंधित ध्वनिमुद्रण नियमाप्रमाणे पुसले जाते. म्हणजे आपण माझी पहिली मागणी उदार मनाने मान्य केलीत, तर त्याच क्षणी दुसरी कायमची बाद होईल. तसे होऊ नये म्हणून हा अर्ज जरा लांबला आहे, तो कृपया शेवटपर्यंत वाचावा.

२. प्रथम कार्डाविषयी. वडिलांना कार्ड हवे नव्हते, बॅग हवी होती. जुन्या महामार्गावर सोमाटण्याच्या पुढे एका पेट्रोल पंपावर आपल्या बँकेचे टेबल आणि छत्री लावलेली होती, आणि कार्ड घेणाऱ्याला चाकांची प्रवासी बॅग फुकट होती. वडिलांनी आयुष्यात चाकांची बॅग न्यावी असा एकही प्रवास केला नव्हता. परंतु तांदूळ पाठीवरून न्यायची गरज उरणार नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आले. त्यानंतर मळवलीच्या बंगल्यावर मालकांसाठी घरचा इंद्रायणी त्या बॅगेतूनच गेला. टेबलावरच्या गृहस्थांनी त्यांना तिथल्या तिथे एक ई-मेल पत्ताही उघडून दिला. आपली सर्व मासिक विवरणे त्या पत्त्यावर वेळच्या वेळी पोचत होती, याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पत्त्याचा पासवर्ड वडिलांना कोणी सांगितला नव्हता, एवढेच.

३. कार्डावर वडिलांनी दोन खरेद्या केल्या. आईसाठी कपडे धुण्याचे यंत्र आणि स्वतःसाठी कानाचे यंत्र. आजारी पडेपर्यंत ते दरमहा शाखेत जाऊन, खिडकीशी उभे राहून सांगतील तेवढे पैसे भरत. राहिलेली बाकी मी मार्च महिन्यात पूर्ण भरली आहे; पावती सोबत आहे. अशा कर्जाला वारस कितपत बांधील असतो, हे मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. कपडे आम्ही त्या यंत्रात धुतले आहेत.

४. वाद आहे तो उरलेल्या रु. २३,७४० चा. यातला एकही रुपया कोणत्याही वस्तूचा नाही. आपल्या ‘हिरवळ विशेषाधिकार योजने’चे वडील सभासद होते, असे मला त्यांच्या मृत्यूनंतर कळले. या योजनेखाली त्यांना देशातील निवडक गोल्फ मैदानांवर सवलतीने खेळता येत होते. पहिले वर्ष मोफत होते. दुसऱ्या वर्षाची फी गेल्या जुलैत लागली. ती न भरल्याबद्दल विलंब आकार लागला, विलंब आकारावर व्याज लागले, आणि सहा महिन्यांत एकदाही मैदानावर न गेल्याबद्दल ‘अल्प वापर आकार’ नावाचा आणखी एक आकार लागला. हा शेवटचा आकार पहिल्यांदा ऑक्टोबरात लागला, तेव्हा वडील अंथरुणावर होते. दुसऱ्यांदा तो एप्रिलात लागला. मधल्या काळात माझे वडील गोल्फ खेळायला गेले नाहीत, हे मी विनातक्रार मान्य करते.

५. मी स्वतः लोणावळ्यात एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे विलंब शुल्क हा विषय मला अगदीच परका नाही. आमच्याकडे सभासद वारला की घरचे लोक पुस्तक परत आणून देतात. कधी त्यात चष्म्याची काडी खूण म्हणून तशीच असते. अशा वेळी विलंब शुल्क घ्यायचे नाही असा आमच्या नियमावलीत नियम नाही. तरीही आजवर कोणी घेतलेले नाही आणि वाचनालय चालू आहे.

६. मृत्यूचा दाखला मी डिसेंबरात शाखेत दिला. त्यानंतर आपल्याकडून वडिलांना आलेला पत्रव्यवहार असा : जानेवारीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हॉटेलातील जेवणावर सूट. फेब्रुवारीत, योजना रद्द करायची असल्यास कार्डधारकाने स्वतः नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करून नऊ दाबावे, अशी सूचना. मी नऊ दाबले. तेव्हा मी गेणू केदारी नाही, असे मला सांगण्यात आले; ते मला ठाऊक होते. मार्चमध्ये, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, असा प्रश्न. आणि मेमध्ये, ज्या दिवशी आपले संदर्भ क्र. २ चे पत्र मला मिळाले त्याच दिवशी, एक संदेश वडिलांच्या फोनवर : निष्ठावान सभासद म्हणून जुलैपासून त्यांची योजना आपोआप वरच्या दर्जात जाणार आहे. त्या दर्जात त्यांना गोल्फचे प्रशिक्षकही मिळतील. वडिलांच्या बहीण भागुबाई त्या वेळी घरी बसल्या होत्या. मी संदेश वाचून दाखवला. आत्या पदराने डोळे पुसत होत्या, थांबल्या आणि म्हणाल्या, “मेल्यावर बढती! जित्या माणसाला कुनी साधा तलाठी केला न्हाई.” नोव्हेंबरानंतर आमच्या घरात मोठ्याने हसण्याची ती पहिली वेळ होती. याबद्दल बँकेचे आभार मानणे मी कर्तव्य समजते.

७. आता ध्वनिमुद्रणाविषयी. आपल्या पत्रावरून मी शाखेत गेले. तेथील कर्मचारी अमृता मॅडम यांनी मला ते संभाषण संगणकावर एकदा ऐकवले. त्या सौजन्याने वागल्या. मध्येच उठून त्यांनी पंखाही बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. एकदाच ऐकल्यामुळे खालील नोंदीत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर तो प्रतीवरून तपासता येईल.

संभाषण जुलै २०२३ मधले, दुपारचे आहे. वडिलांनी कानाचे यंत्र त्याच वर्षीच्या दिवाळीत घेतले, हे आपल्याच विवरणात आहे. फोन करणाऱ्या मुलीने आपण तेजोनिधी बँकेतून प्रेरणा बोलत असल्याचे सांगितले. वडील म्हणाले, “पेरणी? पेरणी कवाच झाली, बाई. आता लावणी चाललीय.” ती म्हणाली, “प्रेरणा, सर. माझं नाव.” वडील म्हणाले, “व्हय? बरं नाव हाय. बोल.” हा आपल्या मोजणीतला पहिला होकार.

मग तिने सांगितले की सरांना कार्डावर गोल्फ मोफत मिळत आहे. वडील म्हणाले, “गोफण?” ती म्हणाली, “गोल्फ, सर.” वडील म्हणाले, “हाय की. दोन हायेत. एक जुनी हाय, एक मेव्हण्यानं इणून दिलीय.” ती म्हणाली, “अरे वा, सर. म्हणजे तुम्ही रेग्युलर खेळता?” वडील म्हणाले, “ह्यात खेळायचं काय? भात पोटरीत आलं की पाखरं हाणायची.” ती म्हणाली, “ग्रेट, सर.”

आपल्या पत्रात ‘ग्राहकाने सदर खेळाचा पूर्वानुभव व स्वतःचे साहित्य असल्याचे सांगितले’ असे जे वाक्य आहे, त्याचा उगम हा आहे. गोफण म्हणजे दगड भिरकावण्याची विणलेली दोरी. त्या दोन्ही गोफणी घरात खुंटीला आहेत आणि बँकेस पाहणीसाठी केव्हाही उपलब्ध आहेत.

त्यानंतर वडिलांनी तिला ती जेवली का, असे विचारले. ती म्हणाली, सुट्टी दोन वाजता होते. वडील म्हणाले, “दोनला? लय उशीर करत्यात गं तुमच्यात. गाव कुठलं तुजं?” तिने गाव सांगितले. “हिकडं आलीस तर तांदूळ न्हे. घरचा हाय.” मुलगी हसली. माझ्या मते त्या दिवशीच्या तिच्या सगळ्या फोनांमध्ये तिला काहीतरी देऊ करणारा हा एकच असावा. मग तिने नियम व अटी एका दमात इंग्रजीतून वाचल्या. त्या वाचनात वडील ठरावीक अंतराने “व्हय… व्हय…” म्हणत राहिले. आपल्या सातांपैकी पाच होकार या भागातले आहेत.

८. येथे ‘व्हय’ या शब्दाविषयी खुलासा करणे भाग आहे, कारण बँकेचे कार्यालय पुण्यात आहे आणि शब्द मावळातला आहे. आमच्याकडे कोणी बोलत असताना ऐकणारा गप्प बसला, तर तो रागावला आहे किंवा त्याला डुलकी लागली आहे, असे धरतात. म्हणून मधूनमधून ‘व्हय’ म्हणायचे असते. त्याचा अर्थ, मी इथे आहे, तू बोल. त्यात मान्यता नसते आणि अमान्यताही नसते. ऐकू कमी येत असेल तर समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तो जरा जास्त वेळा म्हणतात. वडिलांना शेवटची दोन-तीन वर्षे फारच कमी ऐकू येई, त्यामुळे ते फार सभ्य झाले होते.

‘व्हय’ने करार होतो असे धरले, तर आमच्या नावावर आज एक गुंठाही उरला नसता. औंढ्यात गेली कित्येक वर्षे जमिनीचे मध्यस्थ येतात. ओट्यावर बसतात, बंगल्यांची रंगीत चित्रे दाखवतात, पोहण्याचा तलाव आमच्या विहिरीच्या जागी कसा शोभेल ते सांगतात. वडील प्रत्येकाचे पूर्ण ऐकत, प्रत्येकाला ‘व्हय’ म्हणत, चहा पाजत आणि लावणीला निघून जात. त्यांतील एक मध्यस्थ श्री. कोंडाजी शेलार यांनी स्वखुशीने लेखी जबाब दिला आहे. तो सोबत जोडला आहे, पण त्यातले एक वाक्य येथे उतरवते : “गेणूभाऊच्या व्हयवर मी दोन वर्सं चकरा मारल्या. त्यांचा व्हय म्हंजी च्या मिळंल, जमीन न्हाई.” व्यवसायाने विश्वास ठेवणे ज्याला परवडत नाही अशा माणसाचे हे मत असल्याने त्याला वजन द्यावे.

वडिलांचा होकार वेगळा होता. तो एकाच शब्दाचा असे आणि लोक उठून गेल्यावर येई. मी बी.ए. झाले तेव्हा मला पुढे पुण्याला पाठवावे की नाही, यावर एक अख्खी दुपार पाहुण्यांची चर्चा चालली होती. मुलीला एवढे शिकवून काय करायचे, वाचून वाचून डोळे जातात, असे बरेच मुद्दे निघाले. वडील सर्वांना ‘व्हय’ म्हणत होते आणि मी आत भांडी आपटत होते. पाहुणे बस धरायला गेल्यावर वडील चुलीपाशी आले आणि म्हणाले, “ठरलं. सोमवारी जाऊन फी भरू.” सोमवारी आम्ही फी भरली. संपूर्ण ध्वनिमुद्रणात ‘ठरलं’ हा शब्द कोठेही नाही. असता, तर हे पैसे मी मार्चमध्येच भरले असते.

९. राहिला अखेरचा, म्हणजे आपला सातवा होकार. आपण सर्व भिस्त त्याच्यावर ठेवली आहे, म्हणून तो सावकाश सांगते. मुलीने विचारले, “मग सर, तुमची संमती आहे असं समजू ना?” नेमक्या त्याच वेळी मागून एका बाईचा आवाज येतो : “अवो, भाकर गार व्हतीय! येताय का न्हाई?” आणि वडील, तोंड फोनपासून वळवून, हे आवाजाच्या अंतरावरून सहज कळते, म्हणतात, “व्हय व्हय, आलो आलो!” मग पुन्हा फोनजवळ येऊन, “ठेव गं बाई. तूबी जेव.” त्यावर मुलगी म्हणते, “थँक्यू, सर. तुमची नोंद झाली.”

आपल्या लेखी प्रतीत ही ओळ ‘ग्राहक : होय, होय, मी आलो (योजनेत सहभागी झालो)’ अशी आहे. कंसातील मजकूर माझ्या वडिलांचा नाही. भाकरीला दिलेला होकार बँकेने गोल्फच्या खाती जमा केला आहे आणि त्यावर व्याज लावले आहे.

त्याच प्रतीत मागून आलेल्या आवाजाची नोंद ‘पार्श्वभूमीतील गोंगाट’ अशी आहे. तो गोंगाट म्हणजे माझी आई, श्रीमती नंदाबाई गेणू केदारी. तिने या शब्दाबद्दल नाराजी कळवण्यास सांगितले आहे. तिचे प्रतिज्ञापत्र सोबत आहे. ती विशिष्ट हाक आठवत नाही, कारण हाक रोजचीच होती. मात्र त्या घरात गेणू केदारींना जेवायला हाक मारणारी दुसरी कोणीही बाई कधीही नव्हती, असे तिने शपथेवर सांगितले आहे. तहसील कचेरीतल्या लेखनिकाने हे वाक्य गाळावे असे सुचवले होते. आईने ते गाळू दिले नाही.

१०. आपल्या पत्राचा शेवट ‘कार्डधारकाने दिलेला शब्द पाळलेला नाही’ असा आहे. रकमेपेक्षा या वाक्याने मी अस्वस्थ झाले. वडील सगळ्यांचे ऐकून घेत, म्हणून त्यांना शब्द देताना कोणी क्वचितच पाहिले असेल. दिलेला मोडताना मी तरी पाहिलेले नाही. तेव्हा आकार रद्द करताना ते वाक्यही मागे घ्यावे, अशी विनंती आहे. त्या मुलीविरुद्ध, प्रेरणा यांच्याविरुद्ध, माझी तक्रार नाही आणि तिच्यावर काही कारवाई होऊ नये. तिने तिचा कागद वाचला. तिचा पत्ता कळवता आल्यास कळवावा. वडिलांनी तिला तांदूळ देऊ केला होता, आणि यंदाचा घरात आहे.

११. ध्वनिमुद्रणाच्या प्रतीसाठी आपला छापील नमुना मी भरला आहे. त्यात ‘प्रयोजन’ या रकान्यात न्यायालयीन काम, लेखापरीक्षण, सेवेचा दर्जा व इतर असे चार पर्याय आहेत. मी ‘इतर’वर खूण केली आहे. त्यापुढे सोडलेली जागा पुरेशी नसल्याने कारण येथे लिहिते.

वडिलांचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत. मोबाईलवरची चित्रणेही आहेत. परंतु समोर मोबाईल धरला की ते फोटो काढत आहेत असे समजून ताठ उभे राहत आणि चित्रण संपेपर्यंत श्वास धरून ठेवत. त्यामुळे त्या चित्रणांत कोंबड्यांचा आवाज आहे, माझा आहे, “बाबा, काहीतरी बोला ना” असा आहे. त्यांचा नाही. ते बोलताना कोणी जपून ठेवले असेल तर ते फक्त आपल्या बँकेने. नकळत ठेवले, तरी ठेवले. आणि त्यात ते एका अनोळखी मुलीला जेव म्हणतात आणि आईच्या हाकेला ओ देतात.

आईने ते अजून ऐकलेले नाही. शाखेत चल, मॅडम ऐकवतील, असे मी तिला म्हटले. ती आली नाही. तिचे उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवते : “तितं बँकेत काय ऐकायचं? घरी आण त्यास्नी.”

१२. सबब विनंती की, प्रत माझ्या हाती पडेपर्यंत ही तक्रार कृपया बंद करू नये. माझ्या बाजूने निकाल देण्याचे ठरले असले तरीसुद्धा देऊ नये. आकार त्यानंतर सवडीने रद्द केले तरी चालतील. त्या दिरंगाईबद्दल मी विलंब आकार लावणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,

(सही)
सारिका गेणू केदारी

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत (चौथ्यांदा).
२) दोन्ही खरेद्यांची बाकी भरल्याची पावती.
३) श्री. कोंडाजी शेलार यांचा जबाब.
४) श्रीमती नंदाबाई केदारी यांचे प्रतिज्ञापत्र, एकही वाक्य न गाळता.
५) ध्वनिमुद्रणाच्या मागणीचा भरलेला नमुना.
६) पेनड्राइव्ह, एक, कोरा.